टॅन्सीला कुणी मारत नाही

ऑरिन लिंडक्विस्टने सख्ख्या भावाला बाद दिलं होतं. गावच्या सॉफ्टबॉलचा शेवटचा सामना होता. भाऊ धापा टाकत घसरत आला, धुळीचा लोट उठला, आणि पंच म्हणून वाकून उभ्या असलेल्या ऑरिनने मूठ हवेत मारली. बाद. पुढे कितीतरी दिवस भाऊभाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, आणि ऑरिनला त्याचं सोयरसुतक नव्हतं. "पाय आधी पडला असता, तर पडला म्हटलं असतं," एवढंच तो म्हणायचा. त्यांची आई बिचारी दोघांना रविवारच्या जेवणाला वेगवेगळ्या वेळी बोलवत राहिली.

असा हा माणूस. कागदाच्या मिलमध्ये यंत्रावर उभं आयुष्य काढलेला, त्या घरघरीत डावा कान गमावलेला, उंच, हाडकुळा, आणि न्यायाच्या बाबतीत इतका काटेकोर की जवळच्या माणसाला वैताग यावा. त्याला आर्डिससारखी बायको मिळाली हे योग्यच झालं. ती मुळात भेटलीच ती मैदानात उतरून त्याचा निकाल कसा चुकीचा आहे हे सांगायला. चूक तिची होती. पण तिने ते शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

मी वांडा. आर्डिस आणि मी शाळेच्या स्वयंपाकघरात एकाच ओट्याशी राबलो. ती बटाटे सोलायची तेव्हा साल असं भराभर उडायचं की मी दोन हात लांब उभी राहायचे. गोड बोलणं तिला ठाऊकच नव्हतं. एखाद्या पोराने जेवण टाकलं तर त्याचं ताट त्याच्यापुढे परत आपटून "देवाने पोट दिलंय ना?" असं विचारणारी बाई. मला तिने पहिल्याच दिवशी मठ्ठ म्हटलं, आणि मग तिच्यामुळे मी ऑरिनच्या तळघरातल्या खेळाच्या टेबलाशी येऊन बसले.

हा कल्पनेतल्या लढायांचा खेळ आमच्याच राज्यात, दक्षिणेकडच्या एका तळ्याकाठच्या गावात जन्मला, त्यामुळे आमच्या बाजूला त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. हिवाळ्यात तळं गोठलं की निम्मा गाव बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतो आणि उरलेल्यातले काही तळघरात बसून राक्षस मारतात. आमचा खेळ रविवारी, चर्च आणि जेवण उरकल्यावर. ऑरिन पंच. तो जागा सांगणार, दारं सांगणार, आणि समोर जो कुणी शत्रू असेल त्याच्या वतीने खेळणार. आम्ही प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं. मी मांत्रीण. टपालाची गाडी चालवणारा गिब रासमुसन हा चोर, म्हणजे खेळातला. ढाल धरून सर्वांपुढे उभा राहणारा आणखी एक गडी होता, तो ढालवाला. आणि आर्डिस पुजारीण, टॅन्सी नावाची. जखमी माणसाला हात लावून उठवणं हे तिचं काम. टेबलावर चौकटी आखलेला कागद, त्यावर अंगठ्याएवढ्या शिशाच्या बाहुल्या, आणि मार लागला की चुकला हे सांगायला वीस बाजूंचा फासा.

या खेळाची सगळी मजा तोलात आहे. ढालवाला मार खातो, पण त्याला लांबचं काही करता येत नाही. मांत्रीण लांबून जाळते, पण तिला फुंकर मारली तरी ती पडते. चोर मागून वार करतो आणि समोरून पळतो. प्रत्येकात एक खोट मुद्दाम ठेवलेली असते, म्हणून माणसं एकमेकांना धरून राहतात. आणि या सगळ्यांना जी जिवंत ठेवते ती पुजारीण व्हायला कुणी तयार नसतं. लग्नात सगळ्यांना मिरवायचं असतं, वाढायला कुणी उठत नाही, त्यातली गत. आर्डिस पहिल्या दिवशीच म्हणाली होती, "तुम्ही मिरवा. तुम्हाला मरू द्यायचं की नाही ते मी ठरवते."

आणि काय खेळायची! ढालीच्या मागे दोन चौकटी सोडून उभी. दाराच्या समोर कधी नाही, नेहमी कोपऱ्याला. "ओरखड्याला औषध नाही," हा तिचा नियम. मी कितीही कळवळले तरी ती मला बरं करायची नाही. जो आडवा पडला त्याला आधी उठवायचं, कारण आडवा माणूस वार करत नाही आणि ओरखडा पडलेला करतो. यात दया नव्हती, हिशेब होता. पण त्या हिशेबाने आम्ही वर्षानुवर्षं जिवंत राहिलो.

शहाण्या शत्रूचाही एक नियम असतो: पुजारणीला आधी मारा. ती पडली की बाकीचे आपोआप पडतात. ऑरिन तो नियम नवरा म्हणून एक दिवससुद्धा विसरला नाही. त्याचे लांडगे ढालीला वळसा घालून तिच्यावर यायचे, त्याचे तिरंदाज खांबामागून तिलाच हेरायचे. ती खुर्चीतून अर्धी उठायची, "ये, ये मेल्या, बघतेच तुला," आणि तोही फासे आमच्यापासून झाकणाऱ्या पुठ्ठ्याच्या आडोशामागून फासा खुळखुळवत दात काढायचा. दुपारभर नवराबायको एकमेकांच्या जिवावर उठलेले असायचे आणि मग वर जाऊन दोघं मिळून हरणाच्या मांसाचं सूप गरम करायची. मला त्यांच्या संसाराचा हेवा वाटायचा, आणि तो तेव्हाच जास्त वाटायचा.

मग आर्डिस आजारी पडली. पहिले उपचार झाले, केस गेले, ती टोपी घालून खेळायला बसली. आजार परत उलटला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आणखी एक खेप घेऊन बघता येईल, पाचात एकाला गुण येतो. आर्डिस नको म्हणाली. विचार करते नाही, बघू नाही. नको. तिला घरी आणलं आणि बर्फ वितळायच्या आत ती गेली.

ऑरिन रडला नाही. चिडला. दफनाहून येताना माझ्या गाडीत बसून एकच गोष्ट बोलत राहिला. "पाचात एक, वांडा. म्हणजे वीसच्या फाशावर सतरा किंवा वर. माझ्या टेबलावर लोकांना याहून अवघड फासे लागलेत. लागलेत की नाही? आणि तिने फासाच टाकला नाही."

"तिचं अंग होतं, ऑरिन," मी म्हटलं.

"फासा टाकायला काय जात होतं?" तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत बसला.

आमच्या टेबलाची एक पद्धत आहे, आणि ती बहुतेक टेबलांची असते. एखादा खेळाडू आला नाही तर त्याचं सोंग बाहेर थांबत नाही. गुहेच्या मध्यात माणूस कुठे थांबणार? ते सोंग सोबत चालतं, पंच त्याच्या वतीने खेळतो, आणि लढाया मारून जे काही शिकणं, बळकट होत वर चढणं असेल त्यातला अर्धा वाटा त्यालाही मिळतो. दफनानंतर आम्ही परत जमलो तेव्हा ऑरिनने निळ्या झग्यातली टॅन्सीची बाहुली तिच्या जागेवर, ढालीमागे दोन चौकटींवर ठेवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "आर्डिस आज नाही. तिचं मी बघतो."

आम्ही खेळायला लागलो. त्या दिवशी ते बरोबरच वाटलं. पुढच्या रविवारीही तो तेच म्हणाला. आणि त्याच्या पुढच्या. आर्डिस आज नाही. वर्षं गेली. माझी नोकरी संपली, गिबच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आर्डिस आज नाही.

तिची चाल आली की ऑरिन फासा खाली ठेवायचा, मान वळवायचा आणि चांगला कान, उजवा, आर्डिसच्या रिकाम्या खुर्चीकडे करायचा. क्षणभर तसाच. तळघरात घर तापवणाऱ्या भट्टीची धग लागायची आणि माझ्या त्या बाजूच्या दंडावर मात्र काटा यायचा, कारण ती खुर्ची माझ्या शेजारची. मग तो म्हणायचा, "टॅन्सी वांडाला बरं करते." ओरखड्यालासुद्धा. "टॅन्सी म्हणते, छान खेळलात हो सगळे." आर्डिस? छान खेळलात हो? ती आडवी झाली असती हसून. तो एकदा म्हणाला, "टॅन्सी म्हणते, ऑरिनने दार फार छान योजलंय." मला उठून जावंसं वाटलं. माझी मैत्रीण मेली ती मेलीच, वर या टॅन्सीने तिची जागा घेतली: मऊ, गोडबोली, नवऱ्याच्या हो ला हो करणारी. आणि खरं भयंकर हे की मला खरीचा आवाज आठवेनासा झाला. घरी भांडी घासताना आर्डिस कशी ओरडायची ते आठवायला जावं, तर कानात ऑरिनच्या तोंडची टॅन्सी यायची. एकदा तर भरल्या टेबलावर मी चीजची बशी तिच्या खुर्चीपुढे सरकवली. गिबने हळूच ती पुढे घेतली.

आणि टॅन्सीला कुणी मारत नव्हतं. लांडगे आले तर तिला वळसा घालून जायचे. तिरंदाजांना ती दिसायचीच नाही. एकदा छतावरून कोळी उतरले, अगदी तिच्या डोक्यावर, आणि तिथून चालत माझ्यापर्यंत आले. गिब घरी जाताना गाडीत म्हणाला, "तो तिला वाचवत नाहीये, वांडा. ते प्राणी तिला घाबरतात. त्यांना माहितीये ती मेलेली आहे." विनोद म्हणून म्हणाला. दोघांपैकी कुणी हसलं नाही.

मारच खात नसल्याने ती कधी पडत नव्हती, ती पडत नसल्याने आम्ही पडत नव्हतो. तोल गेला होता. कुठल्याही लढाईत शेवट ठरलेला. आमचा आधीचा ढालवाला कंटाळून सोडून गेला, त्याने कारण सांगितलं पाठदुखीचं. गिब आणि मी ऑरिनसाठी येत राहिलो. ऑरिनला हे कळत नव्हतं का? न्यायासाठी भावाशी वैर घेणारा माणूस तो. त्याला सगळं कळत होतं. म्हणून तर तो अलीकडे आमच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

अशात येंग थाओ आला. खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात नव्याने लागलेला, दुसऱ्या गावचा, चाळिशीचा माणूस. ढालवाला हवा अशी आमची चिठ्ठी त्याने वाचनालयात वाचली होती. पहिल्या दिवशी डबा भरून तळलेले रोल घेऊन आला, खेळाच्या बाहुल्या स्वतः रंगवलेल्या. आणि डोकं असं की ऑरिनने चौकट आखायच्या आत हा कुठे उभं राहायचं ते ठरवून मोकळा. मला बरं वाटलं. टेबलावर बऱ्याच दिवसांनी कुणीतरी खरोखर लढत होतं.

"ही आर्डिस कधी येते?" त्याने विचारलं.

"आज नाही," ऑरिन म्हणाला.

येंगने आपल्या मनाने अर्थ लावला. वरच्या मजल्यावर कुणी आजारी असेल, जिना उतरवत नसेल. जाताना तो जिन्यात थांबून वर बघायचा आणि आवाज न वाढवता म्हणायचा, "आर्डिसबाईंना नमस्कार सांगा. रोल ठेवलेत त्यांच्यासाठी." ऑरिन म्हणायचा, "सांगतो." एका रविवारी तर म्हणाला, "तिला आवडले." मी कोट चढवत होते, माझा हात बाहीतच अडकला.

शेवटी जे झालं ते एका दारापाशी झालं. पाण्यात अर्धा बुडालेला मठ, त्यातली एक मोठी खोली, आणि समोरून आमच्यावर चालून येणारी भाडोत्री शिपायांची टोळी. पुढे भालेवाले, मागे तिरंदाज, आणि त्यांचा एक कप्तान, ज्याचं वर्णन ऑरिनने स्वतःच "जुना, खवट, लढाईत मुरलेला" असं केलं होतं. त्यांच्या आणि आमच्या मध्ये एकच अरुंद दार. येंग नकाशावर वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"एक विचारू? रागावू नका. या सगळ्या दिवसांत टॅन्सीवर एकही बाण आला नाही."

भट्टी मध्येच सुरू झाली. गिब नखं बघायला लागला.

"लांडग्यांचं ठीक आहे," येंग म्हणाला, "पण हे शिपाई. मी कप्तान असतो तर आधी तिलाच पाडली असती. म्हणजे हा तुमचा काहीतरी नियम असणार. तिच्या देवाचं कवच वगैरे. असेल तर आपण मूर्ख आहोत. मी कशाला ढाल धरून मार खातोय?" त्याने टॅन्सीची बाहुली उचलली आणि दाराच्या बरोबर मधल्या चौकटीवर ठेवली. "बाटलीला बूच. तिला कुणी मारत नाही ना? मग तीच उभी राहील दारात. आपण तिच्या मागून आरामात एकेक टिपू." आणि त्याने हात काढला.

चाल अप्रतिम होती, हेच तर वाईट होतं. निळ्या झग्यातली अंगठ्याएवढी बाई, आणि तिच्यासमोर अख्खी टोळी.

ऑरिन उठला. "बर्फ आणतो," म्हणाला आणि जिना चढून गेला. ग्लासात बर्फ भरलेला होता.

"काय चुकलं माझं?" येंगने विचारलं.

"आर्डिस त्याची बायको," मी म्हटलं. "ती वारली, येंग. खूप वर्षं झाली."

त्याचा चेहरा उतरला. तो छताकडे बघत राहिला. "मी तिला रोल पाठवत होतो."

"माहितीये."

"तो म्हणाला तिला आवडले."

"अरे, माहितीये रे," गिब म्हणाला. "ठेव ती बाहुली मागे. तो यायच्या आत ठेव."

येंगने हात पुढे केला तोच जिन्यावर पावलं वाजली. "राहू दे," ऑरिन म्हणाला. "हात सुटला की चाल झाली. हा नियम सगळ्यांना."

"मी परत घेतो. मला माहीत नव्हतं, खरंच. माफ करा."

"माफी कसली? चाल चांगली आहे." तो खुर्चीत बसला. हातात बर्फ नव्हता. त्याने नकाशाकडे पाहिलं, आणि मी त्याच्याकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो दोन्ही बाजू बघत होता: दारातली ती, आणि दाराबाहेरचे ते. "शिपाई दारापर्यंत येतात," तो म्हणाला. "आणि थांबतात."

गिब पुढे सरकून बसला.

"का थांबतात?" हा प्रश्न येंगने नाही विचारला. ऑरिननेच विचारला, स्वतःला. भालेवाले तिच्यासमोर उभे, तिरंदाजांची धनुष्यं ताणलेली, आणि कुणी काही करत नाही. मला ती खोली दिसली, देवाशपथ दिसली. गुडघाभर पाणी, दारात ती, आणि इतकी माणसं एका मेलेल्या बाईकडे बघत उभी. ऑरिन दोनदा बोलायला गेला. दोनदा थांबला. कारण सांगता येईना. जे नव्हतंच ते कुठून सांगणार?

त्याने पुठ्ठ्याचा आडोसा उचलला, घडी केली आणि खाली जमिनीवर ठेवला. त्याचे फासे आम्ही इतक्या वर्षांत कधी पाहिले नव्हते. पिवळे पडलेले होते.

"कप्तान म्हणतो, पुजारणीला पाडा."

बाण सुटले. फासे उघड्यावर गडगडले, सगळ्यांसमोर. निम्मे लागले. टॅन्सी चढत चढत बरीच बळकट झालेली, ती उभी राहिली. भालेवाल्यांनी तिच्या बगलेतून लांब भाले खुपसले आणि मागच्या येंगला आडवा केला. मग तिची चाल. ऑरिनने मान वळवली, कान खुर्चीकडे केला. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"स्वतःला बरं कर म्हणावं तिला!" गिब ओरडला. "मरेल ती!"

"टॅन्सी येंगला उठवते," ऑरिन म्हणाला.

"अरे पण तिला सांग ना!"

"सांगितलं." तो अजून खुर्चीकडेच कान करून होता. "म्हणते, ओरखडा आहे. आणि तुला मठ्ठ म्हणते."

तो आवाज ऑरिनचाच होता, म्हाताऱ्या, अर्ध्या बहिऱ्या माणसाचा. पण बोलणं तिचं होतं.

पुढच्या खेपेला बाण परत सुटले. ऑरिनने फासे टाकताना डोळे मिटले नाहीत, मी मिटले. उघडले तेव्हा टॅन्सीची बाहुली कागदावर आडवी होती. तिला त्यानेच आडवी केली होती, हळूच, झग्याच्या बाजूने.

"पोथी!" गिब माझ्यावर खेकसला. "वांडा, तुझ्या पिशवीतली पोथी काढ!"

तशी पोथी आमच्याकडे होती, कुठल्याशा थडग्यातून उचललेली, एका मेलेल्याला एकदाच परत बोलावणारी. प्रत्येक टोळी अशी एखादी गोष्ट गाठीला बांधून असते. पण तिला आमच्या टेबलाची एक अट होती. मेलेल्याला नाव घेऊन विचारायचं, आणि त्याने स्वतः हो म्हटलं तरच तो येतो. ही अट आर्डिसनेच भांडून घालून घेतली होती. ओढून आणलेला माणूस माणूस नसतो, असं तिचं म्हणणं. ऑरिन तेव्हा म्हणाला होता, नाही कोण म्हणणार आहे?

मी पोथी वाचली, म्हणजे वाचली असं म्हटलं. हातात तर काही नव्हतं. "टॅन्सी," मी म्हटलं, "येतेस का परत?"

उत्तर त्यानेच द्यायचं होतं, तिचं तोच बघत होता ना. एक शब्द, हो. तो म्हटला असता तर आम्ही कुणी हरकत घेतली नसती. पुढल्या रविवारी ती परत ढालीमागे दोन चौकटींवर उभी राहिली असती, आणि त्याच्या पुढल्या, आणि आम्ही एकेक करून गेलो असतो तरी ती राहिली असती. मला तो हो हवा होता. इतका राग राग करूनही हवा होता.

ऑरिनने कान खुर्चीकडे केला. मिनिट गेलं असेल. त्याचे ओठ हलत होते, तो वाद घालत होता. फासा टाकायला काय जातं, हेच असणार, दुसरं काय? मग तो वाद थांबला. त्याचे खांदे खाली आले.

"नको म्हणते," तो म्हणाला.

गिबने टोपी काढली.

"कारण विचारलं मी. सांगत नाही." तो हसला, आणि हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं, आणि तो माणूस, जो दफनाच्या दिवशी रडला नव्हता, दोन्ही मुठी टेबलावर ठेवून पोरासारखा रडला. "तिचं अंग होतं," असं काहीतरी म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मलाही तेव्हाच कळलं की आर्डिस गेली. तोवर मला वेळच मिळाला नव्हता.

येंग हळूच म्हणाला, "आपण थांबू या."

"नाही," ऑरिनने बाहीने तोंड पुसलं. "कप्तान थांबणार नाही." आणि त्याने फासे उचलले.

आम्ही मागे हटायला लागलो. मी भिंतभर आग लावली, येंगने ढाल तिरकी धरून वाट अडवली, गिब सर्वांत पुढे पळाला, आणि मागच्या दारातच बाण लागून कोसळला. त्याची बाहुली आडवी झाली. सवयीने आम्ही चौघंही, ती त्याला उठवेल म्हणून, टॅन्सीच्या चालीसाठी थांबलो होतो.